भाचा हाकेला वळून बघत नाही, आणि घरात सगळे म्हणतात 'तीन भाषांमुळे'

कांडीवाली | सोमवार, रात्री १०:५२

मी मूळची सोलापूरची, अशोक चौकाच्या मागची. नोकरीमुळे पुण्यात असते. घरी तेलुगू, गल्लीत मराठी, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या काकू कानडी, मोबाईलवर हिंदी. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको.

भावाचा मुलगा आता २ वर्षं ४ महिन्यांचा आहे. दिवाळीत आठ दिवस घरी होते, तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. भाऊ टॉवेलच्या कारखान्यात आहे, त्यामुळे घरात सुताच्या रिकाम्या कांड्या पडलेल्या असतात. हा त्या रांगेत लावतो, फरशीच्या सांध्यावर, अगदी ओळंब्यात. मी गंमत म्हणून मधली एक उचलली. कोणतंही पोर आधी माझ्याकडे बघेल ना, की आत्याने हे काय केलं? हा कांडी गेली त्या मोकळ्या जागेकडे बघून रडायला लागला. कांडी परत ठेवली, रडं बंद. माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही.

नानम्मा, म्हणजे त्याची आजी, 'रा रा' (ये ये) करून दहा हाका मारते, हा ढिम्म. पण स्वयंपाकघरात बिस्किटाच्या पुड्याचा कागद वाजला की आतल्या खोलीतून पळत येतो. पाणी हवं असेल तर माझं मनगट धरून माठापाशी नेतो आणि माझा हात तांब्यावर ठेवतो. बोट दाखवत नाही, कशाकडेच नाही. शब्द तीन-चार. 'अम्मा' म्हणतो, पण वहिनीला उद्देशून नाही, आपलं असंच.

नानम्मा म्हणते, याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत मुका होता. वहिनीच्या आईचं म्हणणं लसीमुळे. भावाचं म्हणणं, तीन भाषांत पोराचा गोंधळ उडालाय, आजपासून फक्त मराठी बोला. म्हणजे नानम्माने नातवाशी गप्पच बसायचं, तिला मराठी तोडकंमोडकंच येतं.

पुण्यात परत आल्यावर नेटवर वीस प्रश्नांची एक यादी सापडली. वहिनीला फोनवर 'हे करतो का, ते करतो का' विचारत भरली. ९ आले, खाली लाल अक्षरात 'हाय रिस्क'. वहिनीला अजून आकडा सांगितलेला नाही. काय करू? आणि भाषांचं खरं आहे का?

होटगीरोडकर | सोमवार, रात्री ११:२०

ताई, काळजी करू नका. आमचा धाकटा तीन वर्षं बोलला नाही. आता गप्प बसवायला पैसे द्यावे लागतात. पोरं आपापल्या वेळेला बोलतात. नेटवरच्या याद्या भरायला बसलात तर मला पण चार आजार निघतील.

वाचा_वाचा | सोमवार, रात्री ११:४१

होटगीरोडकर, एक विचारू? तुमचा बोलत नव्हता तेव्हा बोट दाखवायचा का?

होटगीरोडकर | सोमवार, रात्री ११:४४

दाखवायचा की ओ. बोट दाखवून दाखवून जीव खायचा. बस, म्हैस, चंद्र. आपण बघितलं नाही तर हनुवटी धरून तोंड तिकडं फिरवायचा.

वाचा_वाचा | मंगळवार, सकाळी ७:१५

मग तुमची गोष्ट वेगळी आणि कांडीवालींची वेगळी. सोलापुरातच वाचा-उपचार (स्पीच थेरपी) करते, अकरा वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बोलायला उशीर झालेल्या मुलाकडे आम्ही पहिल्यांदा शब्द मोजत नाही. शब्दांवाचून त्याचा व्यवहार कसा चालतो ते बघतो. होटगीरोडकरांच्या मुलाकडे भाषा नव्हती, पण 'मी जे बघतोय ते तूही बघ' ही ओढ होती. चंद्र काही खायला मिळणार नव्हता, तरी बापाची हनुवटी फिरवली. अशी बरीच मुलं पुढे भराभर बोलतात. (तरी तपासणी तेव्हाही करायलाच हवी होती, रागावू नका.) कांडीवालींच्या भाच्याला पाणी हवंय तर तो माणसाकडे मागत नाही, माणसाचा हात वापरतो. तांब्या, हात, पाणी. मधला चेहरा त्याच्या हिशेबात नाही. आम्हाला सावध करणारी खूण ही. कांड्यांची रांग त्यामानाने किरकोळ. रांगा बरीच मुलं लावतात.

आता भाषांचं. दोन-तीन भाषांच्या घरात वाढल्याने ऑटिझम (स्वमग्नता, म्हणजे नजर, खुणा, बोलणं यातून माणसांशी जोडलं जाणं अवघड जाणं) होत नाही, आणि वाचाविकारही होत नाही. तसं असतं तर सोलापूरच्या अख्ख्या तेलुगू-मराठी पूर्व भागातली पोरं मुकी निघाली असती. फक्त मोजताना चूक होते. आईला मुलाचे मराठी शब्द दहाच दिसतात, आणि त्याने आजीजवळ 'नीळ्ळु' आणि शेजारच्या काकूंजवळ 'नीरु' (दोन्ही म्हणजे पाणीच) म्हटलेलं धरलंच जात नाही. सगळ्या भाषांतले शब्द एकत्र मोजायचे. दोन वर्षांच्या सुमाराला साधारण पन्नासेक शब्द आणि दोन शब्दांची जोड ('अम्मा दे', 'बाबा गेला') अपेक्षित असते, मग ती जोड अर्धी तेलुगू, अर्धी मराठी असली तरी चालते. वर्षाचं झाल्यावर हाकेला बघणं आणि दीड वर्षापर्यंत बोट दाखवणं याला तर भाषा लागतच नाही. 'रा रा' हे काही अवघड तेलुगू नाही.

आणि नानम्माला गप्प बसवू नका, हात जोडून सांगते. घरातलं जे माणूस मुलाशी सगळ्यात जास्त आणि सगळ्यात लाडाने बोलतं त्याचीच भाषा बंद करणं म्हणजे आहे ती शिडी काढून घेणं.

एक वेगळी धोक्याची खूण: येत असलेले शब्द, टाटा करणं, हसून बघणं असं काही मूल गमावत असेल, तर वय कोणतंही असो, वाट बघायची नाही.

कांडीवाली | मंगळवार, सकाळी ९:०२

वाचून हात थरथरले. 'टाटा' करायचा तो. पहिल्या वाढदिवसाच्या व्हिडिओत आहे. आता करत नाही. आम्ही म्हणायचो, मूड नाही.

सातरस्ता | मंगळवार, दुपारी १:३०

कांडीवाली, माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, ऑटिझम आहे. तुमच्या जागी मी सात वर्षांपूर्वी होते, फक्त आमच्याकडे कांड्यांऐवजी बाटल्यांची झाकणं होती.

आधी तुमच्या ९ बद्दल. ती यादी बहुतेक एम-चॅट असणार. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीची, वीस प्रश्नांची. २ पर्यंत कमी धोका, ३ ते ७ मध्यम, ८ पासून जास्त. पण ती चाळणी आहे, निदान नाही. आकडा जास्त आला म्हणजे ऑटिझमच असं नाही, कधी ऐकण्याचा दोष निघतो, कधी एकूण विकासच मागे असतो. मात्र आकडा जास्त आलेल्या मुलाकडे 'काहीच नव्हतं' असं क्वचित होतं, म्हणून तो फेकूनही द्यायचा नाही. आणि ती यादी रोज मुलाबरोबर असणाऱ्या माणसाने भरायची असते. एखाददुसऱ्या वेळी केलेली गोष्ट 'करतो' म्हणून धरायची नसते, फोनवर विचारताना हे हमखास घसरतं. वहिनीने स्वतः भरू दे. आकडा लपवू नका. मला माझ्या नणंदेने तीन महिने सांगितलं नव्हतं, त्याचा राग अजून पूर्ण गेलेला नाही.

आमचा क्रम असा झाला. मुलांच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा कान तपासायला पाठवलं. मी म्हटलं, कागद वाजला की येतो, कान ठीकच आहेत. डॉक्टर म्हणाले, काही सूर ऐकू येतात आणि काही नाही असं असू शकतं, बोलणं नेमकं त्यातच अडकतं. बेरा नावाची तपासणी असते, मूल झोपलेलं असताना डोक्याला तारा लावून कानापासून मेंदूपर्यंतचा रस्ता तपासतात. झोप यावी म्हणून आदल्या रात्री जागवायला सांगितलं. गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेचे, दिवस होते. मी आणि हे, स्कूटरवर त्याला मध्ये बसवून रात्री एकपर्यंत होम मैदानाभोवती फिरलो. पाळण्याच्या दिव्यांकडे टक लावून बघत होता, आमच्याकडे नाही. कान चांगले निघाले. चांगली बातमी ऐकून मी पार्किंगमध्ये रडले, कारण आता दुसरंच काहीतरी उरलं होतं.

निदान करताना रक्त काढलं नाही, स्कॅन नाही. हे लोकांना पटत नाही. ऑटिझमची रक्ततपासणी नसते. वागण्यावरून आणि इतिहासावरून निदान होतं. बाई दीड तास जमिनीवर बसल्या होत्या. फुगे सोडले आणि मध्येच थांबल्या, तो परत मागतो का ते बघायला. मागताना डोळ्यात बघतो का. बाहुलीला खोटं खोटं जेवण भरवतो का. त्याच्या पाठीमागून हाक मारली. मला गरोदरपणापासूनचं विचारलं. भारतात प्रमाणपत्रासाठी इसा नावाची मोजपट्टी वापरतात, ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ७० च्या खाली असेल तर ऑटिझम धरत नाहीत. त्यावरून टक्केवारी निघते, आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे फायदे मिळतात. पण तो कागद पुढचा. थेरपीला कागदाची वाट बघू नका. निदान पक्कं व्हायच्या आधीसुद्धा खेळातून नजर, बोट, पाळीपाळीने करणं हे सुरू करता येतं, आणि निदान चुकलं तरी त्यात मुलाचं नुकसान नाही.

एकच ठेच सांगते, नाव घेत नाही. एका ठिकाणी 'तीन महिन्यांत बोलता करू' म्हणून आमच्याकडून गळ्यातलं मोडायला लावण्याइतके पैसे घेतले. ऑटिझम बरा करतो म्हणून कोणी स्टेम सेल, ऑक्सिजनची पेटी असलं विकायला लागला की चप्पल घाला आणि निघा.

होटगीरोडकर | मंगळवार, दुपारी २:०५

माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. सॉरी ताई.

पंतांचा_नातू | मंगळवार, दुपारी ३:१८

लसीचं कोणीच बोललं नाही. माझ्या बहिणीकडेही तेच म्हणतात, दीड वर्षाचं इंजेक्शन दिलं आणि पोरगं गप्प झालं.

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी ३:५०

मनोविकार विभागात निवासी डॉक्टर आहे, ड्युटी संपवून लिहितोय, टायपो माफ करा.

गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान देतात. ऑटिझमच्या खुणा पालकांच्या डोळ्यात भरायला लागतात त्याही याच वयात. शब्द हरवण्याचं वयही साधारण हेच. दोन्ही एकाच महिन्यात आलं की आजीला जोडणी दिसते, आणि आजीचा दोष नाही, मलाही दिसली असती. लसीवर बोट ठेवणारा तो १९९८ चा शोधनिबंध 'लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला, लिहिणाऱ्याचा वैद्यकीय परवाना गेला. त्यानंतर लाखो मुलांवर अभ्यास झाले, संबंध सापडलेला नाही. पहिल्या वाढदिवसाचे व्हिडिओ नीट बघितले तर पुष्कळदा खुणा इंजेक्शनच्या आधीच्या निघतात. कांडीवाली, तुमचा तो टाटाचा व्हिडिओ आणि आताचा कांड्यांचा व्हिडिओ दोन्ही मोबाईलमध्ये घेऊन जा. डॉक्टरसमोर मूल घरच्यासारखं वागेलच असं नाही.

जुनीगिरणी | मंगळवार, संध्याकाळी ७:३३

सगळं वाचलं. राग मानू नका, पण हे लई झालं. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. एखादं पोर गप्प असायचं, एखादं वांड असायचं, गिरणीत नाहीतर मागावर लागायचं आणि निभायचं. आता प्रत्येकाला एक इंग्रजी नाव चिकटवायचं आणि फाईल करायची.

शाळेची_घंटा | मंगळवार, रात्री ८:१०

आमच्या वेळी नाव होतं की. 'येडं' म्हणायचे. 'ढ' म्हणायचे. मराठी नावं होती एवढाच फरक.

जिल्हा परिषदेच्या शाळेत बावीस वर्षं शिकवते. चिकटवण्याबद्दल मात्र जुनीगिरणींचं अर्धं पटतं. आता पालकच येऊन सांगतात, 'बाई, याला एडीएचडी आहे', म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा. कोणी सांगितलं? रील बघितलं. मुलगा घरी हुंदडतो आणि वर्गात दोन तास चित्र काढत बसतो. तसं नसतं ते. अस्वस्थपणा किंवा लक्ष न टिकणं दोन तरी ठिकाणी दिसायला हवं, घरी आणि शाळेतही, सहा महिने तरी टिकायला हवं, आणि सुरुवात बाराव्या वर्षाच्या आत झालेली हवी. आठवीत वडील गेले आणि नववीत लक्ष उडालं, याला दुःख म्हणतात. उलट वर्गात खिडकीबाहेर बघत शांत बसणाऱ्या मुलींची कोणी तक्रारच करत नाही, आणि त्यांचं लक्ष वर्षानुवर्षं वर्गात नसतं.

एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. चौथीतला मुलगा, 'लक्ष नाही' म्हणून मी स्वतः तीनदा ओरडले होते. एकदा पाढे म्हणताना 'सात चोक' वर थांबला. डोळे उघडे, पापण्या फडफडल्या, हातातली पेन्सिल सुटली नाही. मनात दहा मोजले असतील, आणि हा 'अठ्ठावीस' म्हणून पुढे गेला, जणू मध्ये काही झालंच नाही. मी त्या दिवशी शिकवलंच नाही, नुसतं मोजत बसले. दुपारपर्यंत सहा वेळा. ते बिनहिसक्याचे झटके होते, अपस्माराचा प्रकार. ईईजीत (मेंदूच्या लहरींच्या तपासणीत) दिसले, गोळी सुरू झाली, मुलगा दहावी झाला. तेव्हा 'चंचल', 'आळशी', 'एडीएचडी' काहीही म्हणण्याआधी नुसतं बघत बसायला वेळ द्या.

वाचन-लेखनाच्या अडचणीबद्दलही. पहिलीत 'ब' चा 'व' होणं, वेलांटी उलटी पडणं यात काही विशेष नाही. अध्ययन अक्षमतेचं पक्कं निदान साधारण तिसरीच्या पुढे, आठएक वर्षांनंतर करतात, कारण आधी शिकायला संधी मिळालेली असायला हवी. त्यात बुद्धी, डोळे, कान सगळं ठीक आहे ना हे बघतात. देवनागरीत अक्षर आणि उच्चार बऱ्यापैकी बांधलेले असल्याने आमची मुलं इंग्रजीसारखी भलतंच वाचत नाहीत, एक-एक अक्षर फोडत, घाम गाळत वाचतात. ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. आणि ज्या भाषेत मूल विचार करतं त्या भाषेत चाचणी व्हायला हवी. विडी घरकुलातल्या तेलुगू मुलीला मराठीतून बुद्ध्यांक काढून 'मतिमंद' लिहून दिलेला कागद मी पाहिलाय. पुन्हा तेलुगूतून तपासलं, बुद्धी झकास. तो पहिला कागद कुठला होता ते सांगत नाही.

दहावीला जादा वेळ, लेखनिक वगैरे सवलती महाराष्ट्रात १९९६ पासून आहेत. पालक नववीच्या शेवटी जागे होतात आणि मग प्रमाणपत्रासाठी पळापळ.

जुनीगिरणी | मंगळवार, रात्री ११:५८

बाई, तुमचं खरं असेल. मी जे लिहिलं ते रागात लिहिलं. राग कशाचा ते सांगतो, मग बोला.

माझा धाकटा भाऊ. मागावर होता. दोन वर्षांमागं संक्रांतीनंतर गप्प झाला. कामावर जाईना. रात्री तीनला उठून ओट्यावर बसायचा. हातपाय गळाले, छातीत भगभग म्हणायचा. ईसीजी दोनदा काढला, नॉर्मल. ॲसिडिटीच्या गोळ्या चार महिने. अक्कलकोट झालं, तुळजापूर झालं. मग एका मानसोपचारवाल्याकडं नेलं, ते म्हणाले डिप्रेशन. गोळी दिली. तीन आठवड्यात माणूस उभा राहिला. आम्ही पेढे वाटले. आणखी आठ दिवसांत दोनशे चादरी उधारीवर उचलल्या, हैदराबादला दुकान टाकणार म्हणून. झोप दोन तास. बोलणं थांबेना. आईला पहाटे चारला उठवून हिशेब सांगायचा. वहिनीवर हात उगारला, जन्मात कधी उगारला नव्हता. मग दुसऱ्या डॉक्टरनं नाव बदललं. मग तिसरं नाव, बायपोलर. तीन डॉक्टर, तीन नावं. चादरींचे पैसे मी अजून फेडतोय. मग मी कशावर विश्वास ठेवायचा, तुम्हीच सांगा.

रात्रपाळी | बुधवार, पहाटे ४:२०

जुनीगिरणी, तुमचा प्रश्न या धाग्यावरचा सगळ्यात अवघड आहे. जमेल तसं उत्तर देतो.

आमच्याकडे एक्स-रे नाही. वय, काळ, क्रम आणि घरच्यांची साक्ष एवढीच हत्यारं. डिप्रेशन म्हणायला निदान दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ, मन उदास किंवा कशातच रस नाही, आणि जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधी वाटणं, मरणाचे विचार यातलं मिळून पाच तरी लागतं. भावाकडे ते होतं. आपल्याकडे माणूस 'उदास आहे' म्हणत नाही, 'भगभग होतंय, डोकं जड' म्हणतो, म्हणून चार महिने ॲसिडिटीत गेले. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन तपासणं बरोबरच असतं, ते कमी असेल तरी माणूस असाच दिसतो.

पण बायपोलरमधला, म्हणजे मन कधी फार चढतं आणि कधी फार उतरतं त्या आजारातला, उतार आणि साधं डिप्रेशन समोर बसलेल्या माणसात जवळजवळ सारखंच दिसतं. फरक मागच्या आयुष्यात असतो. पहिल्या डॉक्टरने एक प्रश्न विचारायला हवा होता, आणि विचारला असेल तर घरच्यांना आठवायला हवं होतं: आधी कधी असे दिवस होते का, की झोप जवळजवळ नाही, तरी थकवा नाही, डोक्यात कल्पना धावताहेत, पैसा उधळतोय, आणि त्यालाच वाटतंय की आयुष्यात इतकं छान कधी नव्हतं? बायपोलर असताना उदासीची गोळी एकटीच दिली तर काहींचं मन उलट्या टोकाला जातं. तुमच्याकडे तेच झालेलं दिसतं. एका दृष्टीने तिन्ही डॉक्टर एकच आजार वेगवेगळ्या महिन्यात बघत होते. यात चूक नव्हती असं म्हणत नाही. वीस मिनिटांच्या ओपीडीत ती चूक सोपी असते.

जुनीगिरणी | बुधवार, सकाळी ६:४५

होते. असे दिवस होते. बावीस वर्षांचा असताना गड्ड्यात पाच रात्री घरी आला नाही. अंगावरचं स्वेटर, घड्याळ, पगार सगळं वाटून मोकळा झाला. आम्ही म्हटलं जवानी आहे. ते डॉक्टरला सांगायचं असतं हे कुणाला माहीत.

रात्रपाळी | बुधवार, सकाळी ७:०५

तेच सांगायचं असतं. पुढच्या भेटीला ते वर्ष आणि महिना लिहून न्या. आता लिथियम (मनाचे चढउतार आवरणारं औषध) चालू असेल तर रक्तातली पातळी, थायरॉइड आणि किडनी ठरल्या वेळी तपासत राहा, आणि बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करू नका.

गोदूताई_नाही | बुधवार, सकाळी १०:३०

मध्येच विचारते. माझ्या सासूबाईंच्या अंगात येतं. नवरात्रात, आरतीच्या वेळी. तो आजार का?

रात्रपाळी | बुधवार, दुपारी १२:१०

ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी, भोवतालच्या लोकांना मान्य असलेल्या रीतीने येतं आणि नंतर बाई घरी येऊन भाकऱ्या थापतात, तर निदानाच्या पुस्तकांतही त्याला आजार म्हणत नाहीत. कधीही, कुठेही यायला लागलं, त्यांना स्वतःला त्याचा त्रास होऊ लागला, जेवण-झोप सुटली, एकटेपणी कोणाशी तरी बोलू लागल्या, तर दाखवा.

व्यवस्थापक | बुधवार, दुपारी १२:३०

चौघांनी डॉक्टरांचे नंबर टाकले होते, काढलेत. धाग्यावर नावं-नंबर नकोत, व्यक्तिगत निरोपातून द्या.

वाचा_वाचा | बुधवार, दुपारी १:००

मग नंबरांऐवजी रस्ता लिहून ठेवते. सिव्हिलला, म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, बालरोग आणि मानसोपचार दोन्ही विभाग आहेत. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. २०१३ पासून आहे, अठरा वर्षांपर्यंत फुकट. ते पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. अंगणवाडीच्या ताईंना विचारलं की त्या सांगतात. औषध लिहायचं ते मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरने. चाचण्या करणारे चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषदेकडे) नोंदलेले हवेत, नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका, आम्हाला सवय आहे. रात्री-बेरात्री बोलायचं असेल, जीव नकोसा झालेलं कोणी घरात असेल, तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६. मराठीतही बोलतात. सासूबाईंपासून चादरीपर्यंत सगळ्यांना चालतं.

कांडीवाली | पुढचा रविवार, रात्री ९:१५

उशिरा लिहितेय. शुक्रवारी रजा टाकून घरी आले. वहिनीला आकडा सांगितला. ती शांतपणे म्हणाली, 'मला वर्षभर माहिती आहे, तुम्ही कुणीतरी बोलण्याची वाट बघत होते.' तिने स्वतः यादी भरली, ११ आले.

काल बेरा झाली, कान व्यवस्थित आहेत. सातरस्ता, मला तुमची पार्किंगची गोष्ट आठवली. मंगळवारी विकासाची तपासणी आहे. भाऊ अजून 'तीन भाषा'वर अडून होता. मी त्याला होटगीरोडकरांच्या चंद्राची गोष्ट वाचून दाखवली. काही बोलला नाही. थोड्या वेळाने पोराला कडेवर घेऊन गच्चीत गेला. वर चंद्र होता. तो बोट करून 'चंदमामा, चंदमामा' म्हणत होता आणि पोरगं त्याच्या बोटाच्या टोकाकडे बघत होतं. बोटाकडेच. खाली आला आणि म्हणाला, मंगळवारी मीच नेतो, पाळी बदलून घेतो.

नानम्मा पूर्वीसारखीच बोलतेय, जरा जास्तच.

एक शेवटचं विचारायचं होतं. कांड्या बरोबर न्यायच्या का? भाऊ म्हणतोय, तिथे डॉक्टरांसमोर नको, लाज वाटते.

वाचा_वाचा | रविवार, रात्री ९:२२

न्या. सात-आठ तरी न्या, आणि त्यात एक वेगळ्या रंगाची असू दे.